घार, वळीव आणि पायाळूचा समज

वैशाखातल्या दुपारी पंख न हलवता घिरट्या घालणारी घार आपण सर्वांनी पाहिली आहे. तापलेल्या जमिनीलगतची हवा हलकी होऊन वर चढते आणि घार तिच्यावर तरंगते. ही हवा वर जाताना प्रसरण पावते व थंड होते. ती कोरडी असेल तर दर किलोमीटरला सुमारे १० अंश सेल्सिअसने. पुढे तिच्यातील बाष्पाचे जलकण होतात, त्या वेळी मुक्त झालेली उष्णता तिला आणखी वर लोटते. दुपारचा कापसासारखा ढग सायंकाळपर्यंत १० ते १५ किलोमीटर उंचीचा होतो. त्याच्या पोटात हिमकण व मऊ गारा एकमेकांवर आदळतात, विद्युतभार विलग होतात आणि वीज कडाडते.

यात पायाळू माणसाचा संबंध कोठेच येत नाही. तरीही जन्मताना पाय आधी बाहेर आले एवढ्यावरून एखाद्या मुलाने पावसाळाभर धास्तीत राहावे, हे आम्ही आमच्याच वस्त्यांत पाहिले आहे. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर घरांतील देव्हारे गेले. हा समज मात्र राहिला. प्रतीत्यसमुत्पाद वंदनेनंतरच्या प्रवचनापुरता उरला, असे खेदाने म्हणावे लागते.

विद्यालयाच्या आवारात पर्जन्यमापक, ओला व कोरडा तापमापक आणि वातकुक्कुट असावेत, असे आमचे आग्रहाचे मत आहे. सकाळ-सायंकाळच्या नोंदी निवासी शाळेइतक्या नियमितपणे दुसरे कोण ठेवणार? अडचण एकच: वळवाचे दिवस नेमके उन्हाळी सुटीत येतात. तेव्हा मुले गावी असतात आणि त्यांच्या आया दुसऱ्याच्या शेतात. आभाळ भरून आले तरी खाडा पडेल म्हणून काम सुटत नाही, आणि सरी आल्या की आसऱ्याला जवळचे झाड. मजुरीचा प्रश्न विज्ञानाच्या तासाने सुटणार नाही, हे आम्ही जाणतो. परंतु झाडाखाली जाऊ नये, गडगडाट कानी येताच पक्के घर गाठावे, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये, एवढे तरी मुलाने घरी सांगावे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ हे ॲप विजेची पूर्वसूचना देते. ते आईच्या किंवा शेजाऱ्याच्या मोबाइलवर त्यानेच घालून द्यावे.

उपकरणांचा खर्च आम्हा माजी विद्यार्थ्यांना जड नाही. येत्या वैशाख पौर्णिमेपूर्वी ती बसावीत.