अंतराळात चवळी उगवली. तसा वाढ कक्ष आपल्याला परवडेल का?

इस्रोने ३० डिसेंबर २०२४ रोजी पीएसएलव्ही-सी६० यानातून चवळीच्या आठ बिया बंद पेटीत पाठवल्या. चौथ्या दिवशी त्या उगवल्या, पुढे पानेही फुटली. तेव्हापासून अनेक शेतकरी विचारतात, ‘अशी पेटी आपल्या शेडमध्ये बसवली तर?’

त्या पेटीत महत्त्वाचे होते मोजमाप: ऑक्सिजन, कर्बवायू, आर्द्रता, तापमान, मातीतली ओल. अंतराळवीराची हवा-पाण्याची गरज झाडांवर सोपवायची, तर हा हिशेब चोख हवा. त्यासाठी कक्ष हवाबंद लागतो आणि खर्च तिथेच वाढतो. उजेडात झाडे आतला कर्बवायू भराभर संपवतात. शिवाय इथिलीन साचते. केळी पिकवायला आपण मुद्दाम सोडतो तोच वायू इथे पाने वाकडी करतो, फुले गाळतो.

म्हणून स्वस्त कक्षात हवाबंदपणा सोडून देतात. मायामीचे फेअरचाइल्ड उद्यान आणि नासा यांच्या उपक्रमात २०१५ पासून शाळकरी मुले अशा साध्या कक्षांत भाज्यांचे वाण पारखतात. त्यातला बुटका पाक चोय अंतराळ स्थानकापर्यंत पोहोचला.

आता तुमचा हिशेब. एक चौरस मीटर पालेभाजीला साधारण ८० वॅटचे चांगले एलईडी रोज १६ तास लावा. महिन्याला ३८ युनिट झाले. आठ रुपये दराने तीनशे रुपये, आणि यात थंडाव्याचा खर्च नाही. दिव्यांची सगळी वीज शेवटी उष्णताच होते. विदर्भातल्या मे महिन्यात ती बाहेर काढणे सोपे नाही. तेवढ्या जागेत मेथीच्या किती जुड्या निघतात, तुम्हीच मोजा. विक्रीच्या भाजीसाठी कोणी असा कक्ष विकायला आले, तर आधी वीजबिल मागा.

पैदासकाराला मात्र तो उपयोगी आहे. २२ तास उजेड देऊन गव्हाच्या वर्षात सहापर्यंत पिढ्या घेता येतात. ही कल्पना नासाच्या गव्हावरील कामातूनच पुढे आली. सोयाबीन, तुरीला ती जशीच्या तशी चालत नाही. ही लहान दिवसाची पिके. लांब रात्र मिळाली नाही तर फुलोरा लांबतो.

कृषी विज्ञान केंद्रात करून पाहायचे असेल, तर थर्माकोल लावलेले कपाट, एलईडी, दोन पंखे आणि थर्मोस्टॅट एवढ्यावर सुरुवात होते. आधी तीन दिवस कपाट रिकामे चालवून चारही कोपऱ्यांतले तापमान लिहा. फरक दोन अंशांपेक्षा जास्त असेल, तर पंख्यांची जागा बदला. कुंड्यांची जागा रोज बदलत राहा. नाहीतर वाणातला म्हणून लिहिलेला फरक कोपऱ्यातला निघतो.