हायड्रेंजिया मागायला आलेल्या गिऱ्हाइकाला

जानेवारी-फेब्रुवारी हे आपल्या धंद्यातले सुगीचे दिवस. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधले पुष्पप्रदर्शन आणि भायखळ्याच्या राणीबागेतले झाडाफुलांचे प्रदर्शन पाहून आलेली माणसे थेट नर्सरीत शिरतात. पूर्वी ती झाडाचे वर्णन करायची, आता मोबाइल पुढे धरतात. गेल्या महिन्यात विठ्ठलवाडी स्टेशनाजवळ ओळखीच्या एका नर्सरीत बसलो होतो. एक बाई आल्या आणि त्यांनी फोटो दाखवला. न्यू जर्सीला असलेल्या बहिणीच्या अंगणातले झुडूप होते. माणसाच्या छातीला लागेल एवढे उंच, आणि फांदीफांदीच्या टोकाला पांढरट हिरवे, निमुळते, वीतभर लांबीचे तुरे. ‘‘दादा, हे आहे का?’’ नर्सरीवाले म्हणाले, ‘‘आहे ना ताई, हायड्रेंजिया.’’ आणि शेडनेटखालची गुलाबी गोल झुबक्याची कुंडी त्यांनी समोर ठेवली. बाई आनंदाने घेऊन गेल्या.

मी तिथे गप्प बसलो. ते मला अजून टोचते आहे, म्हणून या महिन्याचे संपादकीय या विषयावर.

फोटोतले झाड आणि कुंडीतले झाड एकाच प्रजातीतले असले तरी त्यांची जात वेगळी आणि स्वभावही वेगळा. कुंडीत होती मॅक्रोफायला, म्हणजे मोठ्या पानाची हायड्रेंजिया. आपल्याकडे हायड्रेंजिया म्हटले की हीच. फोटोत होती पॅनिक्युलाटा. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात ज्याला परिमंजरी म्हणतात आणि आपला माळी सरळ तुरा म्हणतो, त्या तुऱ्यावरूनच तिचे नाव पडले. ही मूळची जपान, चीन, कोरिया आणि सखालीन बेटावरची. सीबोल्ड या जर्मन वैद्याने १८२९ साली तिचे शास्त्रीय वर्णन केले. जपानीत तिला नोरीउत्सुगी म्हणतात. यातल्या नोरीचा अर्थ खळ. तिच्या आतल्या सालीचा बुळबुळीत रस हातकागद बनवताना लगद्यात घालतात, त्यावरून हे नाव. आज अमेरिकेत घराघरापुढे दिसते तो ‘लाइमलाइट’ हा तिचाच हॉलंडमध्ये तयार झालेला वाण.

हे झाड उणे तीस-पस्तीस अंशांची थंडी सहज काढते. हिवाळ्यात पाने झडून नुसत्या काटक्या उरतात, त्या बर्फाखाली गाडल्या जातात आणि वसंतात खालच्या डोळ्यांतून जोमदार कोंब निघतात. उन्हाळ्याच्या मध्यावर त्याच वर्षीच्या नव्या फांदीच्या टोकाला तुरा येतो. ती थंडी हीच तिची झोप. नीट झोप मिळाली तरच सगळे डोळे एका वेळी जागे होतात.

कल्याण-डोंबिवलीत ही झोप कुठून आणायची? आपल्याकडे पहाटेचा पारा पंधरा अंशांपर्यंत उतरला की आपण कपाटातले स्वेटर काढतो. मे महिन्यात दुपारी तो चाळिशीला टेकतो आणि रात्रीही पंचवीसच्या खाली येत नाही. दिवसभर पानाने जे कमावले ते उष्ण रात्री श्वसनात खर्च होते. पुढे जून येतो. चार महिने माती ओली, हवा ओली. पॅनिक्युलाटाची मुळे ओलावा मागतात, पण साचलेले पाणी त्यांना सोसत नाही. निचरा चुकला की मूळकूज, पानांवर ठिपके, आणि तुरा आलाच तर भिजून इतका जड होतो की फांदी वाकून जमिनीला लागते. हे झाड आपल्याकडे लगेच मरत नाही. दोन-तीन वर्षे झुरते, चार पाने दाखवते आणि जाते. या खाडीकाठच्या पट्ट्यात पॅनिक्युलाटा विकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मॅक्रोफायलाची गोष्ट आणखी फसवी आहे, कारण ती फुललेली मिळते. तिची फुले साधारणपणे मागच्या हंगामातल्या फांदीच्या शेंड्याला येतात. ती कळी आत धरायला तिला अठरा अंशांखालचे पाच-सहा आठवडे लागतात आणि धरलेली कळी बाहेर काढायला आणखी सहा-आठ आठवड्यांची याहून कडक थंडी लागते. म्हणजे फेब्रुवारीत आपण विकतो तो झुबका दुसरीकडच्या, जिथे हा गारवा मिळाला तिथल्या हवेत तयार झालेला असतो. विठ्ठलवाडीत तो फक्त उमलून दाखवतो. तो सुकला की पुढच्या वर्षीची कळी आत धरली जात नाही. गिऱ्हाईक खत घालते, कुंडी बदलते, जागा बदलते, कोणी सांगितले म्हणून ताकसुद्धा ओतते. फूल येत नाही.

मग ते गिऱ्हाईक काय म्हणते, हे आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकलेले आहे. ‘‘माझ्या हाताला गुणच नाही.’’ नर्सरीला दोष देणारे गिऱ्हाईक परवडले, ते निदान भांडायला परत येते. स्वतःच्या हाताला दोष देणारे पुन्हा येत नाही. गॅलरीतल्या कुंड्या रिकाम्या होतात, त्यांत खराटा आणि जुन्या चपला जातात. मी स्वतः वीस वर्षांपूर्वी अशीच एक निळी हायड्रेंजिया आणली होती आणि ती गेल्यावर कितीतरी दिवस मला माझ्याच पाणी घालण्याची शंका येत होती. मी तर याच धंद्यातला. मग नवख्या माणसाचे काय होत असेल?

यावर उपाय सोपा आहे. फुललेली मॅक्रोफायला जरूर विका, पण ‘हंगामी’ म्हणून विका. शेवंती, पिटुनिया, डेलिया आपण तशाच विकतो आणि त्याबद्दल कोणी तक्रार करत नाही. ‘‘ताई, हे दीड-दोन महिने सुंदर दिसेल. सकाळचे कोवळे ऊन द्या, दुपारचे नको, माती सुकू देऊ नका. पुढच्या वर्षी फुलेल असे मी सांगत नाही.’’ एवढी तीन-चार वाक्ये पुरतात. आणखी एक सांगायचे: तुरटी घातली की कोणतीही हायड्रेंजिया निळी होते हा समज पसरवू नका. मॅक्रोफायलाच्या रंगीत जातींत, माती आम्ल असेल तरच, झाड अॅल्युमिनियम उचलते आणि फूल निळे होते. साडेपाचच्या खाली सामू असेल तर निळे, साडेसहाच्या वर गुलाबी, असा ढोबळ हिशेब. आपल्याकडे इमारतीच्या आवारातली माती म्हणजे निम्मा राडारोडा. त्यातला चुना आणि सिमेंट सामू वर ढकलतात. त्यात बोअरचे जड पाणी. अशा ठिकाणी निळ्याचे वचन देणे म्हणजे गिऱ्हाइकाला पुन्हा निराश करणे. पॅनिक्युलाटाच्या रंगाचा तर सामूशी काही संबंधच नाही. ती पांढरी उमलते आणि रात्री गार होऊ लागल्या की गुलाबी होत जाते.

पण बाई फोटो घेऊन आल्या होत्या, आणि त्यांना ‘नाही’ एवढेच सांगून परत पाठवणे मला पटत नाही. त्या फोटोत त्यांना नेमके काय आवडले? फांदीच्या टोकाला भरगच्च, पांढरा, महिनोन्‌महिने टिकणारा तुरा. तो एवढा टिकतो, कारण आपण ज्यांना पाकळ्या समजतो ती निदले असतात. खरे फूल बारीक असते आणि लवकर गळते, निदल मात्र पानासारखे चिवट असते. हीच युक्ती सह्याद्रीतल्या एका झुडपाने साधलेली आहे. पावसाळ्यात येऊरच्या जंगलात किंवा माळशेजच्या वाटेवर हिरव्या गचपणात कोणी पांढरे रुमाल अडकवून ठेवावेत तसे दिसते ते भूतकेस, म्हणजे आपले रानटी मुसेंडा. त्याच्या इवल्या केशरी फुलांच्या पाच निदलांपैकी एकच वाढून पांढऱ्या पानासारखे होते. फिलिपिन्समध्ये १९१५ साली माकिलिंग डोंगराच्या उतारावर असे एक झाड सापडले की ज्याची पाचही निदले मोठी आणि पांढरी होती. ते पुढे ‘डोन्या अरोरा’ या नावाने जगभर गेले. आपल्या नर्सऱ्यांत पांढरा मुसेंडा म्हणून मिळतो तो याच घराण्यातला. गुलाबी ‘क्वीन सिरिकिट’ही तिथलाच संकर.

पूर्ण बहरातला पांढरा मुसेंडा पाहा आणि तो फोटो पाहा. जुळी भावंडे नव्हेत, पण दुरून चुलत भावंडे तरी नक्की वाटतील. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तो कण्हेरीपेक्षा कॉफीला जवळचा आणि हायड्रेंजियापासून बराच दूर, पण गिऱ्हाइकाच्या डोळ्यांना जे हवे ते तो देतो, आणि आपल्या उन्हात, आपल्या पावसात देतो. फक्त निचरा हवा. हिवाळ्यात तो पाने गाळून भकास दिसतो, तेव्हा गिऱ्हाईक घाबरते. विकतानाच ते सांगून ठेवा.

दुसरे झाड लॅगरस्ट्रोमिया इंडिका, म्हणजे सावनी. आपला राज्यपुष्पवृक्ष ताम्हण तिचा सख्खा नातेवाईक. जागा मोठी असेल, सोसायटीचे आवार असेल, तर ताम्हणच लावा. एप्रिल-मेच्या रखरखाटात त्याचे जांभळे तुरे पाहिले की आणखी काही मागावेसे वाटत नाही. गॅलरीला आणि गच्चीला सावनी बरी. तिच्यात पांढरी, गुलाबी, लालसर, ठेंगणी, सगळे प्रकार मिळतात. आणि इथे पॅनिक्युलाटाचा धडा जसाच्या तसा लागू पडतो, कारण सावनीचाही तुरा नव्या फांदीच्या टोकालाच येतो. जो माळी एक छाटायला शिकला त्याला दुसरी येते. थंडी उतरायच्या सुमाराला, म्हणजे आत्ता, मागच्या वर्षीच्या फांद्या निम्म्याने कमी करायच्या. पेन्सिलीपेक्षा बारीक आणि आत वळलेल्या काटक्या मुळापासून काढायच्या. फांद्या थोड्या ठेवल्या तर तुरे थोडे पण मोठे येतात, पुष्कळ ठेवल्या तर उलट. पहिला बहर ओसरताच सुकलेला तुरा दोन डोळ्यांसकट कापला की पावसाळ्यात दुसरा बहर येतो. ढगाळ दमट हवेत पानांवर भुरी धरते, म्हणून कुंड्या एकमेकींना खेटून ठेवू नयेत. नत्र सैल हाताने टाकू नका. फांदी लांबते, लुसलुशीत होते आणि तुऱ्याचे ओझे पेलत नाही. हेही दोघींना सारखेच लागू.

तिसरे नाव घाईत घेतो: पॅगोडा, म्हणजे क्लेरोडेंड्रम पॅनिक्युलाटम. नावातच पॅनिक्युलाटा आहे. शेंदरी, थरावर थर रचलेला हातभर तुरा, अर्धसावलीतही खूश, आणि फुलपाखरांची गर्दी. पण जमिनीत लावले तर मुळांतून धुमारे काढत सगळा वाफा बळकावते, तेव्हा कुंडीतच लावायला सांगा. याच कुळातली आपली भारंगी. पहिल्या पावसानंतर मुरबाड-शहापूरकडच्या बायका कल्याणच्या बाजारात तिच्या कोवळ्या पानांच्या जुड्या आणतात. तिचे फिकट निळे तुरे किती सुंदर असतात हे भाजी खाणाऱ्या फार थोड्यांना ठाऊक असते. एखाद्या नर्सरीने भारंगीची रोपे करून ‘पाने खा, फुले पाहा’ असे सांगून विकली तर मला फार आनंद होईल.

आता धंद्याचे बोलू. आंध्रातल्या कडियमहून किंवा उरुळी कांचनकडून गाडी येते, त्यातला माल आपण उतरवून मांडतो आणि विकतो. यात चूक काही नाही. पण तो माल आपल्या हवेत किती टिकतो हे गाडीवाला सांगणार नाही, ते आपल्यालाच ठाऊक असायला हवे. मुसेंडा आणि सावनीची फाटे कलमे आपल्या शेडमध्ये होतात. सावनी तर जूनच्या पहिल्या पावसात पेन्सिलीच्या जाडीच्या काडीवर सहज फुटते. मुसेंडाला थोडे संजीवक आणि वरून ओलावा लागतो, पांढऱ्याला गुटी बांधलेली बरी. विठ्ठलवाडीच्या हवेत वाढलेले रोप विठ्ठलवाडीच्या गॅलरीत रुसत नाही. वालधुनी नदीच्या काठाला २६ जुलै २००५ला पाणी चढले, तेव्हा पिशव्यांतला बाहेरून आलेला माल वाहून किंवा कुजून गेला, पण जमिनीत रुजलेल्या जुन्या मातृवृक्षांना महिनाभरात पुन्हा पालवी आल्याचे मी स्वतः पाहिले आहे.

महाबळेश्वर-पाचगणीकडच्या वाचकांनी वरच्या मजकुराने नाउमेद होऊ नये. तेराशे मीटरवर मॅक्रोफायला बंगल्याच्या कडेने लावता येते, आणि ती छाटताना हात आवरा: फूल सुकले की लगेच, फक्त पहिल्या दणकट डोळ्यांच्या जोडीपर्यंत. उशिरा छाटाल तर पुढच्या वर्षीची कळीच कापाल. पॅनिक्युलाटा तिथे कोणी करून पाहणार असेल तर चढावर, वाहत्या निचऱ्यात, पालापाचोळ्याचे जाड आच्छादन घालून लावावी. तिला पावसाच्या थेट माऱ्यापासून आडोसा द्यावा आणि तीन वर्षे नोंदी ठेवाव्यात. आम्ही त्या आनंदाने छापू.

आणि त्या बाई परत आल्या तर? येतील असे धरून मी त्या नर्सरीत एक पांढरा मुसेंडा त्यांच्या नावाने बाजूला ठेवायला सांगितला आहे. कालच त्याची छाटणी केली. गुडघाभर उंचीवर, बाहेर बघणाऱ्या डोळ्याच्या वर बोटभर अंतर ठेवून तिरपा काप. एक घमेले शेणखत, दोन मुठी निंबोळी पेंड, वरून नारळाच्या शेंड्या. न्यू जर्सीतली बहीण मार्चमध्ये बर्फ वितळल्यावर तिची लाइमलाइट छाटेल. तोवर इथे कोंब बोटभर झालेले असतील.