नव्या गाडीची तहान

आमच्या थोरल्या बंधूंनी आयुष्याची तीस वर्षे मालमोटारी हाकण्यात घालविली. पहाटे उठल्यावर आधी बॉनेट उघडून ऑईलची पट्टी बाहेर काढावयाची, फडक्याने पुसावयाची, पुन्हा घालून काढावयाची आणि उजेडाकडे धरून पाहावयाची, हा त्यांचा नित्यनेम असे. एखादे दिवशी देवपूजा चुकली तरी देव समजून घेईल, इंजिन घेणार नाही, असे ते म्हणत. आम्हां घरच्यांना त्याचे हसू येई. याच पट्टीने मध्यंतरी आमच्या घरातील हसणे काही महिने बंद पाडले. ती हकीकत या महिन्यात वाचकांपुढे ठेवीत आहे. आपल्यापैकी कित्येकांच्या दारात आज कर्जाने घेतलेली पिकअप उभी असते आणि घरचा चरितार्थ तिच्याच चाकांवर चालतो. तेव्हा ती आमच्यापुरती राहू नये असे वाटते.

बंधूंच्या मुलाने दोन वर्षांपूर्वी नवी डिझेल पिकअप घेतली. बेळगावच्या भाजीवर गोव्यातील किती चुली अवलंबून असतात, हे आपल्या भागातील वाचकांना सांगावयास नको. पुतण्या दिवसाआड रात्री कोबी, गाजर, हिरवी मिरची भरतो, चोर्ला घाट उतरून पहाटे म्हापशाच्या बाजारात माल पोहोचवितो आणि दुपारपर्यंत परततो. जाऊन येऊन अडीचशे किलोमीटरच्या आसपास धाव होते. गाडीला आठ महिने झाले असतील, तोच एका रात्री घाटातील वळणावर ऑईलचा तांबडा दिवा लुकलुकला. सुदैवाने त्याने तात्काळ गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद केले. पट्टी काढून पाहतो तो तिचे टोकही धड ओले नव्हते!

घरी आल्यावर बंधू कडाडले, "पट्टी बघायला हात मोडले होते काय तुझे?"

"आठवड्यापूर्वीच बघितलो होतो की, दादा," एवढेच तो म्हणाला आणि माझ्याकडे वळला, "काका, तुम्ही तरी सांगा."

मी काय सांगितले? नव्या पिढीला यंत्राची किंमत नाही, असे एक तयार वाक्य मी त्याच्या तोंडावर फेकले. तीस वर्षे मुलांना शिकवूनही, मूल खरे बोलत असेल ही शक्यता आधी तपासावी, हे मला त्या दिवशी सुचले नाही. त्यानंतर तो आम्हां दोघांशी कामापुरतेच बोलू लागला.

गाडीची तहान मात्र वाढतच गेली. ऑईल घालावे, चारपाच फेऱ्या व्हाव्यात आणि पट्टीवरची रेघ पुन्हा खाली यावी. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये नेले की ठरलेले उत्तर मिळे : "नव्या गाड्या थोडे ऑईल घेतातच. आमच्या मर्यादेतच आहे." ती मर्यादा किती, हे मात्र कोणी सांगेना.

या उत्तरात अर्धे सत्य आहे, म्हणूनच ते ऐकून माणूस गप्प बसतो. इंजिनात दट्ट्या खालीवर होतो तेव्हा सिलिंडरच्या भिंतीवर ऑईलचा पातळ थर असावाच लागतो, आणि त्यातील किंचित भाग जळून जाणारच. दट्ट्याभोवती ज्या रिंगा असतात, त्यांतील सर्वांत खालच्या रिंगेचे काम भिंतीवरील जादा ऑईल खरडून खाली पाठविण्याचे. घर्षण कमी व्हावे आणि डिझेल वाचावे म्हणून आजकालच्या इंजिनांत या रिंगांचा ताण पूर्वीपेक्षा कमी ठेवतात आणि ऑईलही पातळ वापरतात. त्यामुळे थोडे ऑईल जाणे हा दोष नव्हे. परंतु ही रिंग काजळीने आपल्या खाचेतच चिकटून बसली, की तिचे खरडणे थांबते आणि ऑईल वर जाऊन जळू लागते.

ऑईल जाण्याच्या वाटा आणखीही आहेत. व्हॉल्व्हच्या दांड्यावरील रबरी सील कडक झाले, टर्बोची सील गेली, किंवा इंजिनातील वाफ बाहेर काढणारी नळी तुंबली, तरी ऑईल नाहीसे होते. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करताना क्षणभर निळा धूर टाकीत असेल, तर संशय व्हॉल्व्हच्या सीलवर जातो. चढावर जोर लावताना निळा धूर येत असेल, तर रिंगांवर. आणि सर्वांत साधी वाट म्हणजे गळती. रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवावा. सकाळी त्यावर डाग दिसला, तर पुढची पुष्कळशी चर्चा वाचते.

आमच्या बंधूंना धूर दिसेना, म्हणून तर त्यांचा मुलावरचा संशय दृढ झाला. त्यांच्या काळी ऑईल पिणारी मोटार मैलभरावरून ओळखू येई. परंतु १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे प्रदूषणाचे बीएस-सहा हे कडक निकष लागू झाले, आणि त्यानंतरच्या अनेक डिझेल गाड्यांत धुराच्या वाटेवर काजळी अडविणारी गाळणी बसविलेली असते. मेकॅनिक मंडळी तिला डीपीएफ म्हणतात. तिच्यामुळे धूर डोळ्यांना फारसा दिसतच नाही. काजळी तापवून जाळता येते. जळलेल्या ऑईलची राख मात्र तशी जळत नाही, ती गाळणीत साचत राहते. म्हणजे ऑईल पिणारी नवी गाडी केवळ ऑईलचा खर्च वाढवीत नाही, आपली महागडी गाळणीही हळूहळू बुजवीत असते.

बंधूंनी आपला जुना उपाय सुचविला : जाड ऑईल घाला, पिणे कमी होईल. झिजलेल्या जुन्या इंजिनाला तो काही काळ चालत असे. नव्या इंजिनात तसे करू नये. त्याला पुस्तिकेत लिहिलेल्या प्रतीचे, गाळणी असेल तर कमी राख सोडणारे ऑईलच लागते. दुसरे घातल्यास इंजिनाचे नुकसान होते आणि वॉरंटी नाकारण्यास आपणच निमित्त देतो.

याच सुमारास शाळेत बसून हजेरीपट तपासताना माझ्या मनात आले, की एखादा मुलगा वारंवार गैरहजर राहतो असे कोणी सांगितले, तर आपण प्रथम पट उघडतो. या गाडीचा पट कोठे आहे? तिचा ओरडा तेवढा होता, नोंद एकही नव्हती. त्याच संध्याकाळी शंभर पानी वही घेऊन बंधूंच्या घरी गेलो. पुतण्याला म्हणालो, "त्या दिवशी मी तुला न विचारताच बोललो. ते चुकले. आता आपण दोघे मिळून लिहू." तो काही बोलला नाही, पण वही त्याने घेतली.

वहीत पाच रकाने आखले : तारीख, मीटरवरील किलोमीटर, पट्टीवरील पातळी, घातलेले ऑईल, आणि बिलाचा क्रमांक. नियम एकच. गाडी सपाट जागी उभी असावी, इंजिन बंद करून निदान दहा मिनिटे झालेली असावीत, आणि पाहण्याची वेळ रोज एकच असावी. गरम इंजिन बंद करताच पाहिले तर बरेच ऑईल वरच अडकलेले असते आणि पट्टी खोटे बोलते. पट्टीवरच्या दोन खुणांमध्ये बहुतेक इंजिनांत लिटरभराच्या आसपास अंतर असते; त्यावरून अंदाज बांधता येतो. वरच्या खुणेपलीकडे मात्र ऑईल कधी भरू नये, त्यानेही बिघाड होतो.

दीड महिन्यात वही बोलू लागली. हजार किलोमीटरला पाऊण लिटरहून अधिक ऑईल जात होते. महिन्याला सुमारे तीन लिटर. पुठ्ठ्यावर डाग नव्हता. एकही दिवस पट्टी पाहणे चुकले नव्हते. बंधूंनी चष्मा लावून सारी पाने वाचली, वही मिटली आणि मुलाला म्हणाले, "चहा घे." आमच्या घराण्यात माफी मागण्याची ही सर्वांत मोठी रीत आहे.

मग मी सर्व्हिस सेंटरला पत्र लिहिले आणि त्याची प्रत कंपनीच्या मुख्य कार्यालयाला पाठविली. त्यात तक्रारीचा सूर नव्हता. दोन मागण्या होत्या. या इंजिनासाठी ऑईल खर्चाची मान्य मर्यादा किती, ते लेखी कळवावे. आणि ऑईल खर्चाची रीतसर चाचणी करावी. तोंडी विचारता महिनोन् महिने न मिळालेला आकडा पत्राला मिळाला : हजार किलोमीटरला अर्धा लिटर.

चाचणी अशी झाली. ताजे ऑईल वजन करून भरले. खालचा बोल्ट, फिल्टर, भरण्याचे झाकण आणि पट्टी यांना सील लावले. चार फेऱ्यांत हजार किलोमीटर झाल्यावर सारे ऑईल काढून पुन्हा तोलले. वजनातील फरक आमच्या वहीशी जुळला. इंजिन उघडले तेव्हा दोन सिलिंडरांतील खालच्या रिंगा खाचेत चिकटलेल्या निघाल्या. दट्टे आणि रिंगा वॉरंटीत बदलून मिळाल्या. गाडी अकरा दिवस उभी राहिली आणि त्या दिवसांची भरपाई कोणी दिली नाही. कर्जाचा हप्ता मात्र वेळेवर दारात आला. आता हजार किलोमीटरला जेमतेम शंभर मिलिलिटर ऑईल जाते.

दोष सर्वस्वी कंपनीचाच होता काय? तसे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. नव्या इंजिनाच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीशी नीट बसण्याचा काळ पहिल्या हजार-दीड हजार किलोमीटरचा. त्या काळात गाडी तासन् तास उभ्याने चालू ठेवू नये आणि पहिल्याच दिवसापासून पुरे ओझे लादू नये. पुतण्याने माल भरताना इंजिन चालू ठेवले होते, हे त्याने स्वतःहूनच सांगितले. ज्याच्यावर विश्वास ठेवला, तो आपली चूकही सांगतो, असा माझा शाळेतील अनुभव आहे.

ही व्यथा आपल्याच रस्त्यांवरची आहे असेही नाही. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या २०११ ते २०१४ या काळातील पिकअप व मोठ्या गाड्यांतील एका इंजिनाविषयी मालकांनी असाच दावा लावला होता : रिंगा ऑईल रोखत नाहीत. ऑक्टोबर २०२२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील ज्यूरीने तीन राज्यांतील मालकांच्या बाजूने १० कोटी डॉलरहून अधिक भरपाईचा कौल दिला. गाड्या नव्या असताना सुरू झालेले दुखणे कौलापर्यंत येण्यास कित्येक वर्षे गेली, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २०२० च्या जुलैपासून लागू आहे. मालवाहू गाडी म्हणजे धंद्याची वस्तू, तिला ग्राहक कायदा लागू नाही, असे सांगून कित्येकांची बोळवण केली जाते. वस्तुतः केवळ स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी वस्तू घेऊन स्वतः वापरणाऱ्याला हा कायदा ग्राहकच मानतो. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे करता येते. कंपनीच्या गावी जावे लागत नाही. मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची. त्याआधी १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनशी बोलता येते, आणि तेथे मराठीतूनही बोलता येते. कार्यालयांत आपली भाषा बाजूला ठेवून जाण्याची सवय झालेल्या आपल्यासारख्यांना ही सोय लहान वाटू नये.

दोन गोष्टी मात्र आजच घरातील चालकाला सांगून ठेवाव्यात. पहिली, तांबडा दिवा ऑईलचा दाब गेल्याचे सांगतो, पातळी खाली चालल्याचे नव्हे. तो लागला की इंजिन त्या क्षणी बंद करावे, आणि तो लागण्याची वाट कधीच पाहू नये. दुसरी, पातळी कमी होण्याप्रमाणे ती आपोआप वाढणे हेही वाईट लक्षण आहे. गाळणीतील काजळी जाळण्यासाठी काही इंजिने जादा डिझेल सोडतात, आणि ते खाली उतरून ऑईलमध्ये मिसळते. पट्टी भरलेली दिसते, पण ऑईल पातळ झालेले असते.

ती वही अजून चालू आहे. हल्ली पुतण्या फेरीवर निघण्यापूर्वी पट्टी काढतो, बंधू शेजारी उभे राहून बॅटरीचा उजेड धरतात आणि आकडा मोठ्याने वाचतात. लिहिण्याचे काम पुतण्याचे. गेल्या आठवड्यात मी सहज पाने चाळली, तर पाच रकान्यांशेजारी बंधूंनी स्वतःच्या हाताने सहावा आखलेला दिसला. त्यात प्रत्येक तारखेपुढे त्यांची थरथरती सही होती.