शेजाऱ्याच्या सेंट्रिंग प्लेटा आणि आपला मोकळा प्लॉट

सांगली-मिरजेच्या कुठल्याही गुंठेवारी भागात एक चक्कर मारून बघा. ज्या प्लॉटवर घर बांधायचं काम चाललंय, तिथं सामान फारसं दिसणार नाही. सामान दिसेल शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर. क्रश सॅण्डचा ढीग, खडी, सेंट्रिंगच्या प्लेटा, लोखंडी टेकू, परांचीचे बांबू, पाण्याची पिंपं आणि एक गंजलेला मिक्सर. घर बांधून होतं, वास्तुशांत होते, जेवणावळी उठतात. सामान मात्र तिथंच.

यावर बोललं की लगेच ऐकायला मिळतं, "जाऊ द्या हो, शेजारधर्म आहे." आज त्या शेजारधर्माबद्दलच थोडं लिहितो. पोस्ट मोठी आहे, पण ज्यांच्या शेजारी काम निघालंय त्यांनी पूर्ण वाचा.

आधी एक गोष्ट कबूल करू. गुंठाभर जागेत घर बांधणाऱ्याला शेजाऱ्याशिवाय गत्यंतर नाही. गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. त्यात घर बसवायचं, संडासाची टाकी खोदायची, बोअर मारायचा. मग दोन ब्रास वाळू ठेवायची कुठं? बाहेरच्या भिंतीला गिलावा करायचा तर परांची शेजाऱ्याच्याच जागेत उभी राहणार. इंग्लंडमध्ये यासाठी 1992 साली कायदा केला. घराच्या दुरुस्तीसाठी शेजाऱ्याच्या जागेत जाणं भाग असेल आणि तो अडवत असेल, तर कोर्टाकडून ठरावीक काळापुरती परवानगी मिळते. आपल्याकडे हे सगळं "दादा, जरा सामान ठेवतो" या एका वाक्यावर चालतं. आणि चालावं. जो शेजारी परांचीसुद्धा लावू देत नाही त्याच्या बाजूनं मी बोलत नाहीये.

माझा मुद्दा पुढचा आहे. काम संपल्यावर काय?

किती दिवस सामान लागतं याचा हिशोब अवघड नाही. आयएस 456 हे काँक्रीटच्या कामाचं आपलं मानक. साध्या सिमेंटसाठी आणि नेहमीच्या हवामानात त्यातला ढोबळ हिशोब असा : साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेकू 7 दिवसांनी काढता येतात, त्याहून मोठ्या स्लॅबचे 14 दिवसांनी आणि सहा मीटरपेक्षा लांब बीमचे 21 दिवसांनी. म्हणजे एका स्लॅबसाठी प्लेटा-टेकू फार तर महिनाभर गुंतणार. दोन मजले असतील तर त्या प्रमाणात धरा. मग वर्ष-वर्ष हे सामान आपल्या दारात काय करतं?

उत्तर सोपं आहे. जे सामान दिवसाच्या भाड्यानं आणलेलं असतं ते कधीच मागं राहत नाही. प्लेटा निघाल्या की संध्याकाळी छोटा हत्ती हजर, कारण भाड्याचं मीटर चालू असतं. मागं राहतं ते ठेकेदाराच्या स्वतःच्या मालकीचं. त्याला पुढचं काम मिळेपर्यंत गोदाम हवं असतं, आणि तुमचा प्लॉट हे शहरातलं सगळ्यात स्वस्त गोदाम आहे. भाडं शून्य, राखण फुकट. यात कुणाचा दुष्टपणा नाही. फुकट जागा कुणीही स्वतःहून सोडत नाही, एवढंच.

माझ्या प्लॉटवरची हकिगत सांगतो, नावं नको. शेजारच्या अण्णांनी वरचा मजला चढवायला घेतला. "दोन महिने सामान ठेवू का?" म्हणाले. मी हो म्हणालो आणि व्हॉट्सअॅपवर तारीख घालून तसं लिहून पाठवलं. काम झालं. मग अण्णांचं आणि सेंट्रिंगवाल्याचं फाटलं. हा म्हणतो शेवटचा हप्ता दिला नाही, ते म्हणतात स्लॅब गळतोय. सामान अडकलं ते माझ्या प्लॉटवर. सेंट्रिंगवाला टेम्पो घेऊन आला की अण्णा म्हणायचे, "दादा, त्याला नेऊ देऊ नका, मग तो गळती काढायला यायचाच नाही." आणि अण्णांना सामान हलवा म्हटलं की, "माझं कुठं आहे ते? त्याचं आहे, त्याला सांगा."

असे नऊ महिने गेले. मधल्या पावसात मिक्सरच्या ड्रममध्ये पाणी साठलं, त्यात अळ्या वळवळायला लागल्या. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवीन डास तयार होतो. त्यात गल्लीतलं एक पोरगं प्लेटांच्या चळतीवर चढलं, घसरलं, पायाला पाच टाके पडले. त्याची आई भांडायला कुणाच्या दारात आली? माझ्या. प्लॉट माझा ना!

शेवटी त्या पोराचे टाके दाखवूनच दोघांना एकत्र बसवलं. प्लेटा किती, टेकू किती, बांबू किती याची यादी केली, फोटो काढले, दोघांच्या सह्या घेतल्या. पैशाचं भांडण तुमचं तुम्ही बघा, सामान अमुक तारखेला जाणार, असं त्यात लिहिलं. त्या तारखेला सामान गेलं. गळतीचं भांडण अजून चालू आहे, पण ते त्यांच्या घरात.

आता कायद्याचं. मी वकील नाही, पण काही गोष्टी सगळ्यांना माहीत असाव्यात.

एक. तोंडी "ठेवा" म्हणालात तरी कायद्याच्या भाषेत ती परवानगी असते. 1882 च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यात याला लायसन्स म्हणतात. कलम 52 ते 64 त्यावरच आहेत. अशी परवानगी एरवी मागं घेता येते. पण कलम 63 म्हणतं की परवानगी मागं घेतली की सामान हलवायला समोरच्याला वाजवी मुदत द्यावी लागते. सकाळी फोन आणि दुपारी जेसीबी, असं चालत नाही.

दोन. त्याच कायद्याच्या कलम 60 मध्ये एक मेख आहे. तुमच्या परवानगीवर विसंबून समोरच्यानं पैसे घालून पक्कं बांधकाम केलं, तर परवानगी मागं घेणं अडचणीचं होतं. म्हणून वाळू ठेवू द्या, मिक्सर ठेवू द्या. पण पाण्याची टाकी, पक्का ओटा, वॉचमनची खोली यांना पहिल्याच दिवशी नाही म्हणा.

तीन. "लिहून दिलं तर उद्या जागेवर हक्क सांगेल" अशी भीती पुष्कळांना असते. आहे उलटं. बारा वर्षांच्या कब्ज्याचा दावा करणाऱ्याला तो कब्जा मालकाच्या हक्काविरुद्ध होता हे दाखवावं लागतं. तुमच्या परवानगीनं सामान ठेवलंय याचा लेखी पुरावा तुमच्याकडे असेल, तर त्या दाव्यातली हवाच जाते. लिहिल्यानं धोका कमी होतो, वाढत नाही.

चार. चिडून सामान भंगारवाल्याला विकू नका. रस्त्यावरही फेकू नका. ते सामान ठेकेदाराचं आहे आणि तुमच्या जागेत पडलं म्हणून तुमचं होत नाही. विकलंत तर पोलिसात तक्रार तुमच्याविरुद्ध होईल, आणि नऊ महिने त्रास सोसलेला माणूस आरोपी म्हणून उभा राहील.

पाच. सांगून ऐकत नसतील तर यादी आणि फोटो काढा, मुदत देऊन स्पीड पोस्टानं नोटीस पाठवा. एक प्रत घरमालकाला, एक ठेकेदाराला. त्यानंतरही हललं नाही तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. दावा दाखल होण्याआधीचं प्रकरणसुद्धा लोकअदालतीत ठेवता येतं आणि तिथं कोर्ट फी नसते. दिवाणी दावा हा शेवटचा मार्ग. चौकीत गेलात तर बहुतेक वेळा "ही दिवाणी बाब आहे" एवढंच ऐकायला मिळेल, त्याची तयारी ठेवा.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, शेजाऱ्यात कसली नोटीस आणि कसली तारीख? मला उलट वाटतं. आपल्याकडे शेजारी तुटतात ते बहुतेक न बोललेल्या गोष्टींवरून. पहिल्या दिवशी तारीख विचारायला संकोच वाटतो, सहाव्या महिन्यात रस्त्यात भेटल्यावर मान फिरवली जाते, आणि पुढच्या दिवाळीला फराळाचं ताट बंद होतं. राज्यात 2007 साली तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, ती गावातल्या तंट्यांसाठी. शहराच्या गल्लीत तशी समिती नाही. इथं आपली समिती म्हणजे फोनमधला एक मेसेज : "अण्णा, सामान 31 मार्चपर्यंत ठेवा, नंतर जागा साफ करून द्या. पाणी साठू देऊ नका." यानं कुणी दुखावत नाही. दुखावलाच, तर तो सामान वेळेत हलवणार नव्हता हे पहिल्याच दिवशी कळतं. तेही बरंच.

आता महापालिकेला दोन मागण्या.

राडारोड्याची जबाबदारी तो निर्माण करणाऱ्याची, असं 2016 च्या नियमांपासून कागदावर आहे. पण बांधकाम सामान ठेवणार कुठं, हे घराचा परवाना देताना ठामपणे कुणी विचारत नाही. तर पहिली मागणी : परवान्याच्या अर्जात सामान ठेवण्याची जागा दाखवायला लावा. ती दुसऱ्याची असेल तर त्याचं तारखेसह संमतीपत्र जोडा. आणि भोगवटा प्रमाणपत्र देण्याआधी ती जागा रिकामी झाल्याची त्याची सही घ्या. भोगवटा न घेताच राहायला जाणारे पुष्कळ आहेत हे मलाही माहीत आहे. पण निदान ज्यांना कर्जासाठी, विक्रीसाठी तो कागद लागतो त्यांच्यापासून सुरुवात होईल.

दुसरी मागणी : प्रत्येक प्रभागात पालिकेची एखादी पडीक मोकळी जागा सेंट्रिंग सामानासाठी दिवसाच्या भाड्यानं द्या. छोट्या ठेकेदाराला गोदाम परवडत नाही हे खरं आहे. त्याची सोय करा आणि पालिकेलाही चार पैसे मिळवा. आज त्या गोदामाचं भाडं शेजारचा प्लॉटवाला भरतोय आणि पावती त्याला डासांच्या रूपात मिळतेय.

आपल्या प्रभागाच्या पुढच्या बैठकीत या दोन मागण्यांचं निवेदन देणार आहे. ज्यांच्या प्लॉटवर असं सामान पडून आहे त्यांनी फोटो आणि कधीपासून पडलंय ती तारीख मला इनबॉक्सला पाठवा. शेजाऱ्याचं नाव नको, नंबर नको. नुसती तारीख पुरे.