थोर पडदा, लहान घर

गेल्या दहा-पंधरा वर्षांत आमच्या मध्यमवर्गीय घरांतील एक वस्तु ज्या वेगानें वाढत गेली आहे, त्या वेगानें त्या घरांतील खोल्या वाढलेल्या नाहींत. ही वस्तु म्हणजे दूरचित्रवाणीचा सपाट पडदा. काल ३२ इंचांवर समाधान मानणारीं कुटुंबें आज ५५ इंचांखालीं बोलावयास तयार नाहींत; आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या संचांवरील वस्तु व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर उतरल्यामुळें या हौसेस सरकारी आशीर्वादच लाभला आहे. हौसेला मोल नसतें हें आम्हीही जाणतों, व हौसेशीं आमचें वैर नाहीं. आमचा आक्षेप आहे तो, ज्या मापानें ही खरेदी होते त्या मापावर. पडदा पाहावयाचा असतो घरांत, पण निवडला जातो दुकानाच्या मापानें. आणि हें माप विकणाराच्या सोयीचें असतें, पाहणाराच्या नव्हे, हें आमचें आजचें म्हणणें आहे.

या बाबतींत समाजांत दोन पक्ष दिसतात. पहिला पक्ष सोवळ्यांचा. सुशिक्षिताच्या बैठकींत पुस्तकांचें कपाट शोभतें, भिंतभर पडदा नव्हे, असें या मंडळींचें मत. त्यांच्याविषयीं आम्हांस आदर आहे, परंतु त्यांचा युक्तिवाद पटत नाहीं. मुंबईचें दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें, तेव्हां ज्या घरीं संच असे त्या घरीं शेजारपाजारची मंडळी जमे. त्या लहानशा कृष्णधवल पडद्यानें कोणाची अभिरुचि बिघडली नाहीं. तो मोठा व रंगीत झाल्यानें ती बिघडेल असें मानण्यास आधार नाहीं. उलट ज्या आजोबांस लहान पडद्यावरील धावसंख्या वाचतां येत नाहीं, ज्या आजीस नाटकांतील नटाच्या चेहऱ्यावरचा भाव दिसत नाहीं, त्यांस मोठा पडदा ही चैन नसून सोय आहे. तेव्हां या पक्षास नमस्कार करून आम्ही दुसऱ्याकडे वळतों. त्याचें सूत्र एकच : खिशास झेपेल तेवढा मोठा घ्यावा. आमचें भांडण आहे तें या सूत्राशीं.

इंच हा शब्द सर्वांच्या तोंडीं असतो. तो कशाचा, हें फारसें कोणी विचारीत नाहीं. तो पडद्याच्या रुंदीचा नसून कर्णाचा असतो. ५५ इंची पडदा सुमारें ४ फूट रुंद व सव्वादोन फूट उंच भरतो. ६५ इंची पडदा त्याहून दहाच इंच मोठा वाटतो, पण त्याचें क्षेत्रफळ शेंकडा ४० अधिक असतें. प्रेक्षकाच्या नजरेंत पडद्यानें सुमारें ३० अंशांचा कोन व्यापावा, असा एक दंडक या शास्त्राच्या तज्ज्ञांत रूढ आहे. त्याचा हिशेब केला असतां डोळ्यापासून पडद्याचें अंतर कर्णाच्या साधारण १.६ पट निघतें. म्हणजे ४३ इंचांस पावणेसहा फूट, ५५ इंचांस साडेसात फूट व ६५ इंचांस पावणेनऊ फूट. चित्रपटाचा शौकीन ४० अंशांपर्यंतही जाईल, व अंधाऱ्या खोलींत त्यास तें गोड लागेल. परंतु रोजच्या बातम्या व मालिका पाहणाऱ्या कुटुंबास ३० अंश पुष्कळ झाले. आतां पुण्या-मुंबईकडील सदनिकेंतला दहा फुटी दिवाणखाना घ्या. एका भिंतीस पडदा, समोरच्या भिंतीस कोच. बसणाराचें शरीर व कोचाची पाठ वजा केली कीं पडदा डोळ्यापासून साडेसात-आठ फुटांवर येतो. येथें ५५ इंच पुरे होतात. त्याहून मोठा घेतल्यानें बातमी मोठी होत नाहीं. निवेदकाचें नाक तेवढें मोठें होतें.

दुसरी गोष्ट चित्राच्या बारीकपणाची. 'फोर-के' पडद्यावर आडवे ३८४० व उभे २१६० बिंदु असतात, म्हणजे 'फुल एचडी'च्या चौपट, असें विक्रेता सांगतो. तें खरेंही आहे. परंतु बिंदु पाहावयाचे आहेत तें डोळ्यांनीं. आणि निकोप डोळा साधारणपणें एका अंशाच्या साठाव्या भागाहून बारीक भेद ओळखूं शकत नाहीं. या न्यायानें ५५ इंची पडद्यावरील फुल एचडीचे बिंदु सव्वासात फुटांपलीकडून एकमेकांत मिसळून जातात. म्हणजे आठ फुटांवर बसलेल्या माणसास या दोन पडद्यांतील बारीकपणाचा फरक बहुधा दिसणारच नाहीं. आणि 'एट-के'चा पुरता लाभ घ्यावयाचा तर त्यानें कोच उचलून पडद्यापासून पावणेदोन फुटांवर आणला पाहिजे! या आकाराचे संच आज बहुतेक फोर-केच येतात, म्हणून ते टाळण्याचें कारण नाहीं. परंतु त्या अक्षरांवर भाळण्याचेंही कारण नाहीं. शिवाय पुष्कळ वाहिन्या अजून साध्या प्रतीचेंच चित्र पाठवितात. मोठ्या पडद्यावर तें ताणलें जातें, व त्याचे दोषच तेवढे थोर होतात. दुरून डोंगर साजरे, ही म्हण येथें अक्षरशः लागू पडते.

मग दुकानांत पाहून निवडावें, असें कोणी म्हणेल. पण दुकानांत पाहावयास काय मिळतें? ओळीनें मांडलेले संच मुद्दाम भडक व निळसर करून ठेवलेले असतात. कारण लखलखीत दालनांत ज्याचा भडकपणा अधिक तोच गिऱ्हाइकाच्या नजरेंत भरतो. 'एचडीआर' हें बिरुद स्वस्त संचावरही झळकतें. तो संच त्या पद्धतीचें चित्र स्वीकारतो एवढाच त्याचा अर्थ, तें खुलविण्यास लागणारें तेज बहुधा त्याच्या अंगीं नसतें. ज्यास आपण 'एलईडी' म्हणतों तो संच बहुतेक वेळां एलसीडीच असतो. एलईडी म्हणजे त्यामागील दिवे. या एलसीडीच्याही दोन मुख्य जाती. एकींत काळा रंग गडद उमटतो, परंतु बाजूनें पाहिल्यास रंग फिके पडतात. दुसरींत बाजूनें ठीक दिसतें, पण काळोख करडा होतो. दुकानांत आपण पडद्यासमोर उभे असतों. घरांत मात्र एक जण कोचावर, एक सतरंजीवर व एक स्वयंपाकघराच्या दारांतून पाहत असतो. जिनें दिवसभर राबावयाचें तिच्या वाट्यास फिके रंग यावे, हा कोणता न्याय?

यावर शेवटचें उत्तर ठरलेलें असतें : "मोठा संच आज तीस-चाळीस हजारांत मिळतो, मग कसर कां करावी?" या स्वस्ताईचें एक कारण उत्पादनांतील सुधारणा हें खरेंच, पण तें एकमेव नव्हे. अमेरिकेंत व्हिझिओ या कंपनीवर, १ कोटी १० लक्ष संचांवर कोण काय पाहतो याची नोंद संमतीवांचून घेतल्याचा आरोप आला, व २०१७ सालीं तिनें २२ लक्ष डॉलर भरून तेथील फेडरल ट्रेड कमिशन व न्यू जर्सी राज्य यांच्याशीं तडजोड केली. पुढें २०२१ मध्यें याच कंपनीचा जाहिराती व तत्सम सेवांवरील ढोबळ नफा संचविक्रीवरील नफ्याहून अधिक भरला. तात्पर्य, पडदा स्वस्त देऊन पाहणाराची नजर विकणें हाही एक व्यापार आहे. आपल्याकडेही संच सुरू करतांच जाहिरात पुढें येते, ती उगाच नव्हे. संचाच्या मांडणींत शिरून पाहण्याच्या नोंदीची संमति पहिल्याच दिवशीं काढून घ्यावी.

आणि हप्ते? 'बिनव्याजी' हा शब्द ऐकतांच आमच्या सुशिक्षितांचेंही गणित सुटतें. शून्य टक्के व्याजाच्या योजनांस रिझर्व्ह बँकेनें सप्टेंबर २०१३ मध्येंच बँकांना मनाई केली. तेव्हांपासून व्याज सवलतीआड दडलें, नाहींसें झालें नाहीं. रोखीनें घेणारास मिळणारी सूट हप्तेवाल्यास पुष्कळदां मिळत नाहीं, व शुल्क आणि त्यावरील कर निराळा. ऋण काढून सण करणारास पूर्वी लोक हंसत. आतां ऋण काढून आणलेल्या पडद्यावर सण पाहतात. ज्या आजोबांच्या नांवानें पडदा मोठा घेतला, त्यांचा चष्मा बदलावयाचा मात्र हप्त्यांपायीं राहून जातो.

तर मग करावें काय? दुकानांत जाण्यापूर्वीं घरीं फीत घेऊन कोचापासून भिंतीपर्यंतचें अंतर मोजावें. जुनीं वर्तमानपत्रें चिकटवून ४ फूट बाय सव्वादोन फुटांचा कागद करावा व दोन दिवस भिंतीवर लावून ठेवावा. आकाराचा निर्णय तो कागद देईल. पडद्याचा मध्य बसलेल्याच्या डोळ्यांच्या उंचीस असावा, दाराच्या चौकटीवर नव्हे. दुकानांत चार पावलें बाजूस सरकून पाहावें, भडकपणा कमी करावयास सांगावें, व आपल्या गांवीं दुरुस्तीची सोय आहे काय हें विचारावें. संचाच्या आंतील 'बुद्धी'साठीं जादा पैसे देऊं नयेत. ती दोन-चार वर्षांत मंद झाली तर थोड्या पैशांत बाहेरून जोडतां येते, पडदा मात्र बदलतां येत नाहीं. पातळ संचाचा आवाजही पातळच असतो. म्हणून आकारांत वांचलेले पैसे चांगल्या ध्वनिक्षेपकास लावावे.

दुकानांत पडदा आपल्यापुढें फार तर अर्धा तास असतो. घरांत तो सात-आठ वर्षें राहावयाचा असतो. त्या अर्ध्या तासानें या आठ वर्षांचा निकाल लावूं नये, एवढेंच आमचें सांगणें. ग्रंथाची योग्यता त्याच्या वजनावरून ठरविणारास आपण अडाणी म्हणतों. पडद्याची योग्यता इंचांवरून ठरविणारास काय म्हणावें, हें ज्याचें त्यानें आपल्या कोचावर बसून ठरवावें.