पानांचा घागरा म्हणजे आदिवासी संस्कृती नव्हे!

९ ऑगस्टचा जागतिक आदिवासी दिन आला की शहरातल्या कित्येक बालवाड्यांत वेशभूषेची धांदल उडते. चार वर्षांच्या पोराच्या तोंडाला काजळ फासायचे, कमरेला पाने गुंडाळायची, हाती पुठ्ठ्याचा भाला द्यायचा आणि निरर्थक आरोळ्या ठोकत त्याला नाचवायचे. पालक फोटो काढतात, बाई टाळ्या वाजवतात. झाली आदिवासी संस्कृतीची ओळख! आमचा सवाल असा, की यातून मूल शिकते काय? आदिवासी म्हणजे काळा, उघडा, रानटी आणि हसण्याजोगा माणूस, हेच ना? उच्च-नीचतेचे विष मोठेपणी अचानक चढत नाही. ते याच वयात हसतखेळत पाजले जाते.

आता पाड्यावरची अंगणवाडी पाहू. भिंतीवर वारली चित्रे असतात, पण वर्गात वारली बोलीला जागा नसते. सेविका अनेकदा गावचीच असते. मात्र वरून येणारे तक्ते, गाणी, गोष्टी सगळे प्रमाण मराठीत. घरी गोंडी, कोरकू किंवा वारली बोलणारे तीन वर्षांचे लेकरू गप्प बसते आणि आपण त्याला मंद ठरवतो. त्याच्या वजनाची नोंद वहीत होते, त्याच्या मुकेपणाची होत नाही.

भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, यासाठी पुरेशा सोयी करण्याची जबाबदारी संविधानाच्या कलम ३५०-अ ने १९५६ सालीच राज्यांवर टाकली आहे. पण गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ साली स्वतःहून गोंडी शाळा काढली, तेव्हा काय झाले? २०२२ मध्ये शिक्षण खात्याने तिला अनधिकृत ठरवले! पहिलीपासून हिंदी लादण्याविरुद्ध महाराष्ट्र पेटून उठला आणि जून २०२५ मध्ये सरकारला ते आदेश मागे घ्यावे लागले. लहान मुलाला त्याच्या भाषेतच शिकू द्या, हा युक्तिवाद रास्तच होता. मग तो गोंडी लेकराला का लागू होत नाही?

न्यूझीलंडच्या माओरींनी हा प्रश्न भीक मागून सोडवला नाही. आपली भाषा मरणपंथाला लागल्याचे ओळखून त्यांनी १९८२ साली ‘कोहांगा रेओ’, म्हणजे भाषेची घरटी, सुरू केली. तेथे वडीलधारी माणसे तान्ह्या आणि लहान मुलांशी माओरीतच बोलू लागली. पुढे १९९६ साली तेथील सरकारने बालशिक्षणाचा ‘ते फारिकी’ हा अभ्यासक्रम माओरी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत काढला. तो गोऱ्यांच्या मुलांसाठीही आहे. आदिवासी मुलाला त्याची भाषा आणि इतरांच्या मुलांना त्या भाषेविषयी आदर, ही दोन्ही कामे बरोबरच करावी लागतात, हे त्या देशाने मान्य केले.

आम्हाला हा विचार परका नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी प्राथमिक शाळांतले शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातले असावेत, असे ठणकावून सांगितले होते. १९२८ साली मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिम जमातींच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी स्टार्ट समिती नेमली. बाबासाहेब तिचे सदस्य होते. म्हणूनच हा प्रश्न एकट्या आदिवासींचा नाही, आपलाही आहे.

मागण्या साध्या आहेत. अंगणवाडीची गाणी आणि गोष्टी पाड्यावरच्या आज्यांकडून घ्या, त्या भाषेत छापा, सेविकेला तिच्या बोलीत शिकवू द्या आणि त्या कामाचे मोल तिला द्या. शहरातल्या बालवाडीत मुलांना सांगा, की वारली माणूस आजही आहे, शेती करतो, शिकतो, मतदान करतो, जंगल राखतो आणि त्याची भाषा आहे. आंबेडकरी पालकांनीही आपल्या घरापासून सुरुवात करावी. येत्या ९ ऑगस्टला शाळेतून पानांचा घागरा मागितला, तर तो शिवू नका. शाळेत जा आणि जाब विचारा!