शून्य जुळले, पुढचे काय?

मायक्रोमीटरचे शून्य जुळत असेल तर कॅलिब्रेशनवर दरवर्षी पैसे कशाला घालवायचे, असा सवाल गेल्या अंकातील पत्रात केला आहे. लहान कारखानदाराला हा खर्च जड जातो, हे मान्य. पण रोज १२ मिमीचेच जॉब मोजले जात असतील, तर स्क्रू नेमका तिथे झिजतो आणि ती चूक शून्यावर दिसतच नाही. म्हणून प्रयोगशाळेत वेगवेगळ्या मापांच्या स्लिप गेजवर वाचन घेतात, तेही २० अंश सेल्सिअसला. १०० मिमीचा पोलादी तुकडा ३५ अंशांना सुमारे १७ मायक्रॉनने वाढतो. बेअरिंगच्या बैठकीत एवढ्यानेही जॉब बाद होऊ शकतो!

शिवाय कॅलिब्रेशन म्हणजे दुरुस्ती नव्हे. चूक किती आणि त्या आकड्याची अनिश्चितता किती, एवढेच ते सांगते. प्रमाणपत्र नुसते फायलीला लावले, तर पैसे खरोखरच वाया गेले. त्यातला तक्ता वाचून आपल्या टॉलरन्सशी ताडून पाहायला हवा. मुदतही वापर पाहून ठरवावी. रोज हाताळायचे साधन आणि कपाटातला मास्टर यांना एकच मुदत लावायचे कारण नाही.

— एक गुणवत्ता निरीक्षक, भोसरी